कॅरव्हॅन ट्रेलरला एसी बसवताय? आधी या चुका टाळा

मे महिन्यातला रविवार, दुपारचे दोन. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत उन्हात उभ्या असलेल्या ट्रेलरचं दार उघडलं तर आतून भट्टीसारखी वाफ अंगावर आली. साडूभाऊ म्हणाले, "एसीशिवाय हे काही जमायचं नाही." मी मान डोलावली, आणि पहिली चूक तिथेच झाली.

गाडीमागे जोडून न्यायचा, आत झोपायची सोय असलेला हा ट्रेलर आम्हा दोघांत अर्धा-अर्धा. आत दहा फूट लांब, सहा फूट रुंद, माणूस जेमतेम ताठ उभा राहील इतका उंच. भर दुपारी, बंद काचांनी, उन्हात ठेवलेल्या अशा पत्र्याच्या डब्यात बसून घेतलेला निर्णय चुकणारच, कारण दुपारी दोनला त्यात झोपायला कोण जातंय? ट्रेलर लागतो रात्री अकरा ते सकाळी सात. त्या वेळात तुम्ही कुठे असता, कोणत्या महिन्यात असता आणि सोबत कोण असतं, एवढंच आधी कागदावर लिहा. उंची हजार मीटरने वाढली की हवा साधारण सहा-सात अंशांनी उतरते. तुमच्या बहुतेक सहली नोव्हेंबर ते फेब्रुवारीत महाबळेश्वर, भंडारदरा, माळशेज अशा असतील तर एसी विसरा, रजया घ्या. पण मे महिन्यात दिवेआगर-गुहागर करायचं असेल, सोबत सासूबाई असतील, लहान मूल असेल, तर प्रश्न खरा आहे.

तिथेही आकड्यांनी फसू नका. मे महिन्यात मुंबईत आणि किनाऱ्यावर पारा तेहेतीस-चौतीसच्या आसपास असतो. नागपूरकर हसतील. आपल्याला छळतो तो दमटपणा, कारण घाम सुकतच नाही.

"कूलर टाकू की, स्वस्तात काम होईल"

हा सल्ला हमखास विदर्भातल्या नातेवाइकांकडून येतो, आणि त्यांच्या घरी तो शंभर टक्के बरोबर असतो. कूलर पाण्याचं बाष्पीभवन करून हवा थंड करतो. बाहेर ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर उत्तम कूलरची हवा पंचवीस-सव्वीसपर्यंत उतरू शकते. आपल्याकडे ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेत तोच कूलर एकोणतीसच्या खाली क्वचितच जाईल, वर आत आणखी वाफ भरेल. बंद ट्रेलरमध्ये कूलर म्हणजे सकाळी ओलसर गादी.

"इन्व्हर्टर-बॅटरीवर रात्रभर चालेल"

इथे सगळेच आपटतात. आम्हीही आपटलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आम्ही एक टनाचा इन्व्हर्टर एसी घेतला आणि घरातली १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी, तिच्या इन्व्हर्टरसकट, ट्रेलरमध्ये ठेवली. पहिलीच फेरी गुहागरची. रात्री अकराला एसी लावला. साडेबाराच्या आत इन्व्हर्टरने शिट्टी मारली आणि सगळं बंद. उरलेली रात्र आम्ही चौघं दार उघडं टाकून डास मारत बसलो.

हिशेब आधी केला असता तर हे कळलं असतं. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे कागदावर १.८ युनिट. अशी लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणजे हाताशी उरलं ०.९ युनिट. तेही पूर्ण मिळत नाही. बॅटरीवरचा १५० चा आकडा वीस तासांत हळूहळू वीज काढण्यासाठीचा असतो. आमचा एसी सुरुवातीला हजार वॅट ओढत होता, म्हणजे बॅटरीतून नव्वदच्या वर अँपिअर. इतक्या घाईने काढलं की बॅटरी आणखी कमी देते. नंतर एसी स्थिरावतो आणि सरासरी ४५० वॅट धरले तरी आठ तासांचे ३.६ युनिट, इन्व्हर्टरची घट धरून चार. चार युनिटच्या कामाला आम्ही एक युनिटसुद्धा न देणारी बॅटरी नेली होती.

यावर लोकांची तीन ठरलेली उत्तरं असतात.

पहिलं, "लिथियम घ्या." बरोबर आहे. ४८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत सुमारे पाच युनिट मावतात आणि त्यातले बहुतेक वापरता येतात, म्हणजे एक रात्र निघते. पण बॅटरी आणि तिला साजेसा इन्व्हर्टर-चार्जर यांची किंमत एसीच्या कितीतरी पुढे जाते, आणि दुसऱ्या रात्रीसाठी ती कुठेतरी पुन्हा भरावी लागतेच.

दुसरं, "छतावर सोलर टाका." आमच्या छतावर टेप घेऊन चढलो. ५४० वॅटचं पॅनल जवळजवळ साडेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असतं. सहा फूट रुंद छतावर ते एकच बसतं. आडवं ठेवलेलं एक पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला दोनेक युनिट देईल. शिवाय एक पेच आहे. पॅनल चालायला ट्रेलर उन्हात हवा आणि एसी कमी चालायला सावलीत. दोन्ही एका वेळी जमत नाही. पावसाळ्याबद्दल बोलायलाच नको.

तिसरं, "डीसी एसी घ्या, ट्रकवर असतात तसे." १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाल्यापासून हे जास्तच ऐकू येतं. पण चालत्या ट्रकचा एसी इंजिनावर चालतो. उभ्या गाडीत बॅटरीवर चालणारा डीसी एसी फक्त इन्व्हर्टरची घट वाचवतो. उष्णता बाहेर फेकायला लागणारी वीज तेवढीच लागते.

आणि जनरेटर? पेट्रोलवरचा छोटा चालतो, पण रात्री अकरानंतर शेजारच्या वाडीतून शिव्या येतात. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो. ट्रेलरच्या खाली, खिडकीजवळ किंवा वारा जिकडून ट्रेलरकडे येतो त्या बाजूला जनरेटर कधीही ठेवू नका. उभ्या गाडीचं इंजिन रात्रभर चालू ठेवून आत झोपणं हाही तितकाच जिवाशी खेळ आहे.

"घरचाच जुना स्प्लिट लावून टाकू"

लावता येतो, बरेच जण लावतात. पण भिंतीवर पंधरा वर्षं शांत बसायच्या हिशेबाने तो बनवलेला असतो. २०११ पासून काम चाललेल्या मुंबई–गोवा महामार्गावरून त्याला दोनदा फिरवा, तांब्याच्या नळीचे फ्लेअर, म्हणजे नटांनी आवळलेले सांधे, सैल होतात आणि गॅस हळूहळू निघून जातो. एसी सुरू आहे, पंखा फिरतोय, पण हवा नुसतीच वाहतेय, असं झालं की मेकॅनिकला सरळ "गॅस भर" सांगू नका. आधी सांध्यांवर साबणाचं पाणी लावून गळती शोधायला सांगा, नाहीतर पुढच्या सहलीला पुन्हा तेच. आउटडोअर युनिटच्या पायांना रबरी पॅड हवेत आणि नळीला एक सैल वेटोळं, म्हणजे धक्का नळीत जिरतो.

युनिट कुठे बसवता तेही महत्त्वाचं. अगदी मागे टांगलं तर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. छतावर बसवलं तर वजन वर जातं आणि घाटाच्या वळणावर ते जाणवतं, शिवाय रेल्वेखालच्या सबवेच्या उंचीच्या कमानी आठवतात त्या फार उशिरा. आम्ही पुढच्या दांड्यावर बसवलं आणि बॅटरी चाकांच्या वर सरकवली. छत कापायचा विचार असेल तर आधी आरटीओत विचारून घ्या. गाडीतले मोठे बदल परवानगीशिवाय चालत नाहीत.

जास्त टनांचा मोहही नको. साठ चौरस फुटांत दीड टन घातला तर आतली हवा पाच मिनिटांत गार होते, कॉम्प्रेसर थांबतो आणि ओलावा आतच राहतो. गार आहे पण अंग चिकट, ही तक्रार असेल तर बहुतेक वेळा एसी गरजेपेक्षा मोठा असतो. पाऊण-एक टनाचा इन्व्हर्टर पुरतो, तोही २५-२६ वर आणि सोबत पंखा.

"प्लग मिळाला की झालं"

एसी घ्यायचाच तर तो प्लगवर चालवायचा, हे आमचं शेवटी ठरलं. पण घरगुती निवासाच्या पडवीतला प्लग म्हणजे तुमच्या हॉलमधला प्लग नव्हे. एकदा मी रिळावर गुंडाळलेली पातळ एक्स्टेंशन वायर तशीच वापरली. तासाभराने हात लावला तर रीळ इस्त्रीसारखं तापलेलं. वायर २.५ चौरस मिलिमीटरची घ्या, पूर्ण उलगडून टाका आणि सोळा अँपिअरच्या सॉकेटलाच लावा. पाच अँपिअरच्या सॉकेटमध्ये अडॅप्टर घुसवू नका.

अर्थिंगची गोष्ट तर मी बजावूनच सांगेन. तुम्ही पत्र्याच्या डब्यात झोपलेले असता, बाहेर ओली वाळू आणि दाराची कडी लोखंडी. कडीला हात लावताना झिणझिण्या आल्या तर त्याच क्षणी प्लग काढा, "थोडंसंच आहे" म्हणू नका. ट्रेलरमध्ये ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या आणि त्याचं टेस्टचं बटण दर सहलीला दाबून बघा. तो सारखा पडत असेल तर काढून टाकायचा नाही. तो का पडतोय ते शोधायचं. आमच्याकडे आउटडोअर युनिटच्या जोडणीत पाणी शिरलं होतं.

एसी सुरू होताना हुंकारतो आणि पुन्हा बंद पडतो? मीटर लावून व्होल्टेज बघा. संध्याकाळी सगळ्या वाडीचे पंप आणि एसी एकदम चालू असले की ते बरंच खाली येतं. स्टॅबिलायझर थोडी मदत करतो, पण फार पडलं असेल तर दहा वाजेपर्यंत थांबणं बरं. कॉइलवर बर्फ जमला असेल तर आधी फिल्टर धुवा. निम्म्या वेळा कारण तेच असतं. फिल्टर स्वच्छ असूनही बर्फ येत असेल तर गॅस कमी असू शकतो. आत पाणी ठिबकत असेल तर मेकॅनिकला फोन करण्याआधी ट्रेलर सपाट उभा आहे का ते बघा. ड्रेनची नळी वरच्या बाजूला गेली असेल तर पाणी उशीवरच पडणार. आमच्या साडूभाऊंना हे दोन रात्री कळलं नव्हतं. किनाऱ्यावरून परतलात की आउटडोअर युनिट गोड्या पाण्याने हलकंच धुवा, खारं वारं त्याची जाळी खातं.

आणि चार माणसं झोपणार असतील तर एक फट उघडी ठेवा. इतक्या लहान जागेत हवा पहाटेपर्यंत कोंदट होते, डोकं जड घेऊन उठावं लागतं.

इतकं सगळं केल्यावर एक गोष्ट उशिरा ध्यानात आली. आम्हाला एसी हवासा वाटत होता त्यातलं निम्मं कारण डास होते. डासांमुळे खिडक्या बंद, खिडक्या बंद म्हणून घुसमट, घुसमट म्हणून एसी. सगळ्या खिडक्यांना जाळी लावली, छताला आतून नायट्राइल रबराची इन्सुलेशन शीट चिकटवली, वरून पांढरा रंग दिला आणि तीस वॅटचा १२ व्होल्टचा पंखा लावला. तो आठ तासांत पाव युनिटही खात नाही. त्याच जुन्या बॅटरीवर तीन रात्री निघतात.

एसी अजून ट्रेलरवर आहे. सासूबाई सोबत असल्या की निवासाच्या मालकाशी आधी फोनवर बोलून घेतो: सोळा अँपिअरचा प्लग आहे का, अर्थिंग आहे का, युनिटमागे किती घेणार. मे महिन्यात वळीव आला की लाइट जातेच, आणि तेव्हा पंखा चालू करून खिडक्या उघडायच्या. गेल्या वर्षी तशी लाइट गेली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आता कसं बरं वाटतंय."