जखमेकडे धावणाऱ्या न्यूट्रोफिलचं लाइव्ह चित्रण

दाहाच्या जागी सर्वांत आधी पोहोचणाऱ्या पांढऱ्या पेशी म्हणजे न्यूट्रोफिल. त्या जिवंत प्राण्यात पाहायला झेब्राफिशचं 3 दिवसांचं पिल्लू उत्तम. अंग पारदर्शक असतं आणि एमपीएक्स-जीएफपी वाणात (यात न्यूट्रोफिलमध्ये हिरवं चमकणारं प्रथिन बनतं) न्यूट्रोफिल हिरव्या चमकतात. खरी कसोटी एकच: पेशी जखमेमुळे हलतायत, आपल्या प्रकाशामुळे किंवा उष्णतेमुळे नाही, याची खात्री.

अंडी 28.5 अंशांवर ई-3 द्रावणात (झेब्राफिशची अंडी-पिल्लं वाढवायचं क्षारयुक्त पाणी) वाढवा. काळे रंगद्रव्य नको म्हणून 24 तासांच्या सुमारास 0.003 टक्के पीटीयू (रंगद्रव्य बनू न देणारं रसायन) घाला. हे विषारी आहे, हातमोजे हवेतच. मायक्रोस्कोपचा तापकक्ष किमान तासभर आधी सुरू करा. तो स्थिरावला नाही तर रात्रभर फोकस सरकत राहतो.

भुलीसाठी लिटरला साधारण 168 मिलिग्रॅम ट्रायकेन. पीएच 7 वर आणलेलंच वापरा, कारण नुसतं ट्रायकेन पाण्याला आम्ल बनवतं. कमी पडलं तर पिल्लू झटके देतं, जास्त झालं तर हृदय मंदावतं. म्हणून चित्रणाच्या आधी आणि शेवटी शेपटीतला रक्तप्रवाह डोळ्यांनी बघा. प्रवाह थांबला असेल तर ती नोंद बाद.

शेपटीच्या पराचं टोक निर्जंतुक पात्याने एकाच दाबात कापा, नोटोकॉर्डला (पाठीतून शेपटीपर्यंत जाणारा कण्यासारखा दंड) धक्का न लावता. तो कापला गेला की जखम कितीतरी मोठी होते आणि दोन पिल्लांची तुलना निरर्थक ठरते. कापल्याची वेळ लगेच लिहा. पहिल्या न्यूट्रोफिल अर्ध्या तासाच्या आतच येऊ लागतात, त्यामुळे बाकी सगळी मांडणी आधीच तयार हवी.

काचतळाच्या डिशमध्ये 1 टक्का लो-मेल्ट ॲगरोज (कमी तापमानाला वितळणारी जेली) घालून पिल्लू कुशीवर झोपवा, शेपटी काचेला टेकलेली. ॲगरोज 40 अंशांच्या वर नको. घट्ट झाल्यावर जखमेभोवतीचा थर अलगद काढा आणि वर ट्रायकेन घातलेलं ई-3 ओता, नाहीतर ॲगरोज सुकून चित्र वाहत जातं.

भिंग 20एक्स, लेझर 488 नॅनोमीटर, शक्य तितक्या कमी शक्तीवर. खोलीच्या दिशेने 3 मायक्रॉनच्या पायऱ्यांनी 50 मायक्रॉन घ्या, स्पिनिंग डिस्क (झटपट चित्रं घेणारा कॉन्फोकल मायक्रोस्कोप) असेल तर फारच छान. अशा सगळ्या थरांची एक फेरी दर 30 ते 60 सेकंदांनी. हे अंतर का महत्त्वाचं? न्यूट्रोफिल मिनिटाला साधारण 10 मायक्रॉन सरकते. 2 मिनिटं थांबलात तर ती स्वतःच्या रुंदीपेक्षा पुढे गेलेली असते आणि सॉफ्टवेअर शेजारच्या पेशीलाच तीच समजतं. उलट फार दाट फेऱ्या घेतल्या तर प्रकाशाची इजा होते: पेशी गोल होऊन जागीच थांबतात.

म्हणून तुलनेला दोन गट हवेत. एक, न कापलेलं पिल्लू त्याच प्रकाशाखाली. दुसरा, कापलेली पण अंधारात ठेवलेली पिल्लं. त्यांच्या जखमेजवळच्या पेशी फक्त 6 तासांनी मोजायच्या. चित्रित पिल्लांतली संख्या यांच्याशी जुळली नाही तर प्रकाश कमी करून पुन्हा सुरुवात करा.

विश्लेषणासाठी फिजी या मोफत चित्र-सॉफ्टवेअरमधलं ट्रॅकमेट (पेशींचा माग काढणारं साधन) पुरतं. आधी स्थिर भाग धरून चित्राचं सरकणं दुरुस्त करा, मग पेशीचा व्यास 10 ते 12 मायक्रॉन द्या. सरळ अंतर भागिले एकूण वाट, हे गुणोत्तर दिशा सांगतं. पण ते समान कालावधीच्या मार्गांतच ताडून पाहा, कारण मार्ग लांबला की ते आपोआप घटतं. 4 ते 6 तासांनी गर्दी शिखराला पोहोचते, नंतर बऱ्याच पेशी जखमेपासून माघारी फिरतात. त्यांचे मार्ग वेगळे मोजा, नाहीतर सरासरीत दोन्ही दिशा एकमेकींना खाऊन टाकतात.