सोयाबीनला जिवाणू लावताना

तीन वर्षांपूर्वी मी रायझोबियमची, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र पिकाला देणाऱ्या जिवाणूची, पाकिटं आणली आणि दुचाकीच्या डिकीत विसरलो. आमच्या औशाकडचं जूनचं ऊन, त्यात पाऊस लांबलेला. चार दिवसांनी आठवण झाली, तरी तीच बियाण्याला लावली. महिन्याभरानं झाडं उपटून पाहिली तर मुळांवर गाठी बोटावर मोजण्याइतक्या. दुकानदारानं बोगस माल दिला म्हणून मी गावभर सांगत सुटलो. थोरली सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. सुट्टीला आली तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "अण्णा, पाकीट ठेवलं कुठं होतं?"

तेव्हापासून जे करतो ते सांगतो.

पाकिटावर पीक आणि मुदत बघा. हरभऱ्याचं पाकीट सोयाबीनला चालत नाही. सोयाबीनचा जिवाणू ब्रॅडीरायझोबियम, आणि ब्रॅडी म्हणजे मंद. आतड्यातल्या इ. कोलाय जिवाणूला भरपूर खायला मिळालं तर तो वीस मिनिटांत दुप्पट होतो. याला सात-आठ तास, कधी जास्तच लागतात. त्यामुळे डिकीत मेले त्यांची भरपाई पेरणीनंतर लगेच होईल, ही आशा सोडा. पाकीट घरात थंड जागी ठेवा, माठाजवळ ठेवलं तरी चालेल.

पाकिटातल्या काळ्या भुकटीत जिवाणू वाढत नसतात, दम धरून असतात. अन्न कमी पडलं की पेशीत पीपीजीपीपी नावाचा रेणू साठतो आणि रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवायचे कारखाने, नव्यानं उभारणं थांबतं. पाऊस ओढ देतो तेव्हा आपण नवा खर्च काढत नाही, आहे ते सांभाळतो, तसंच. पाणी कमी झालं की ट्रेहालोज नावाची साखर साठवतात, म्हणजे वाळताना पेशीचं आवरण टिकतं. उष्णता वाढली की बिघडलेली प्रथिनं सावरणारी दुसरी प्रथिनं बनवतात. पण या तयारीला वेळ लागतो. सावलीत हळूहळू सुकले तर तो मिळतो, उन्हात ताडपत्रीवर टाकले तर नाही.

आता प्रत्यक्ष काम. 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅमचं एक पाकीट. लिटरभर पाण्यात 125 ग्रॅम गूळ उकळा आणि पूर्ण गार करा. कोमट असतानाच पाकीट ओतलेलं मी पाहिलंय. मग डिकीनं काय घोडं मारलं होतं? गुळामुळे भुकटी दाण्याला चिकटते. द्रावण सगळं ओतायचं नाही, भुकटी चिकटेल इतकंच घ्या. सोयाबीनची साल पातळ असते. बी भिजलं किंवा जोरात चोळलं की साल सुटते आणि उगवण मार खाते. मी पोत्यावर बी पसरतो, वरून शिंपडतो आणि पोत्याची टोकं धरून हलवतो. हात लावतच नाही.

बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी लावून सुकू द्या, जिवाणू सगळ्यात शेवटी. दोन्ही एकत्र कालवू नका. मग सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. पाऊस 75 ते 100 मिलिमीटर झालेला असावा आणि वापसा, म्हणजे चिखल नाही पण ओल पुरेशी, असा हवा. कोरड्यात पेरलं तर बी आणि जिवाणू, दोघांचीही परीक्षा.

मूळ फुटलं की ते जेनिस्टीनसारखी द्रव्यं सोडतं, जिवाणूला त्याची चाहूल लागते आणि दोन-तीन आठवड्यांत गाठी दिसू लागतात. आत गेल्यावर तो विभाजन थांबवून हवेतल्या नत्राच्या कामाला लागतो. पस्तिसाव्या दिवसाच्या आसपास झाड उपटू नका, खुरप्यानं मातीसकट काढा. उपटलं की गाठी जमिनीतच राहतात आणि आपण उगाच जिवाणूला शिव्या देतो. गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर काम चालू आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिन नावाच्या, प्राणवायू धरणाऱ्या प्रथिनाचा. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती आयतं खाणारी. गुलाबी दिसली तर युरियाचं पोतं उघडू नका. जमिनीत नत्र आयतं मिळालं की झाड गाठींना पोसत नाही.

काढणीनंतर गाठी कुजतात आणि सोयाबीनमधले बरेच जिवाणू पुन्हा जमिनीत उतरून विभाजन सुरू करू शकतात. काहींच्या पेशीत पीएचबी नावाच्या साठवलेल्या अन्नाच्या कणांची शिदोरीही असते. म्हणून सोयाबीन नेहमीचं असलेल्या रानात पाकिटाचा फरक कमी दिसतो, नव्या रानात जास्त. आपलं रान कसलं ते कळायला मी बांधालगतच्या चार ओळी बिनपाकिटाच्या ठेवतो. त्या खुंटी ठोकून ओळखू येतील अशा ठेवा. पहिल्या वर्षी मी ठेवल्या होत्या, पण कुठल्या तेच विसरलो.