परदेशात इंटर्नशिप? टोकन भरायच्या आधी हे बघा

मुंबईत हॉटेल मॅनेजमेंट करणाऱ्या पोरांना कधी ना कधी फोन येतोच, अमेरिकेत ट्रेनिंग आहे, डॉलरमध्ये स्टायपेंड, सीट थोड्याच राहिल्यात, आजच टोकन भरा. टोकनचं नंतर बघू, आधी एकच विचारा, स्पॉन्सर कोण?

अमेरिकेतल्या ट्रेनिंगला जे-१ व्हिसा लागतो आणि त्यासाठीचा डीएस-२०१९ फॉर्म हॉटेल देत नाही की अंधेरीतला एजंट देत नाही, तो तिकडच्या परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेला स्पॉन्सरच देतो आणि त्यांची यादी जे-१ च्या सरकारी साइटवर आहे, नाव त्यात नसेल तर विषय तिथेच संपला. शिकत असाल किंवा पास होऊन १२ महिने व्हायचे असतील तर तुम्ही इंटर्न, मुदत जास्तीत जास्त १२ महिने. त्यानंतर ट्रेनी, त्याला डिग्री आणि वर लाइनमधला एक वर्षाचा अमेरिकेबाहेरचा अनुभव लागतो. ट्रेनीला १८ महिने मिळतात पण हॉटेलवाल्यांना तिथेही १२च, आता काय करणार.

मग डीएस-७००२ मागा, म्हणजे ट्रेनिंगचा प्लॅन. बरेचजण न वाचताच सही ठोकतात आणि खरी गोम तिथेच असते. आठवड्याला निदान ३२ तास, सुपरवायझर कोण, स्टायपेंड किती, कुठल्या टप्प्यात काय शिकवणार, सगळं त्यात लिहिलेलं पाहिजे. क्लार्कगिरी २० टक्क्यांच्या वर चालत नाही. हॉटेलचं प्लेसमेंट सहा महिन्यांपेक्षा मोठं असेल तर किमान तीन डिपार्टमेंट फिरवायलाच लागतात, त्यामुळे वर्षभर नुसतं हाउसकीपिंग दिसलं तर सरळ समजा त्यांना स्वस्तात चादरी बदलणारा हवाय.

इंजिनिअरिंग-सायन्सवाल्यांनी एजंटकडे जाऊच नका. कॅनडाची मायटॅक्स ग्लोबलिंक नावाची रिसर्च इंटर्नशिप आहे, प्रोफेसरच्या हाताखाली १२ आठवडे रिसर्च, फॉर्म आदल्या वर्षीच भरायचा. जर्मनीची डाड वाइज ही इंटर्नशिपची स्कॉलरशिप ठरावीक संस्थांपुरतीच आहे, आधी आपल्या कॉलेजचं नाव बघा. १९४८ पासून चालू असलेलं आयेस्टे, म्हणजे देशादेशांत इंटर्नची अदलाबदल करणारी संस्था, टेक्निकल पोरांसाठीच आहे.

गल्फमध्ये 'आत्ता व्हिजिट व्हिसावर जा, ट्रेनिंगचे पेपर तिथे करू' म्हणणाऱ्याला तर दारातही उभं करू नका. नोकरीसाठी पाठवणारा एजंट भारत सरकारच्या ईमायग्रेट पोर्टलवर रजिस्टर्ड लागतो आणि त्याला ३० हजार अधिक जीएसटी एवढीच फी घेता येते, त्याच्या वर मागितले की पावती मागा, बघा कसा गडबडतो.

मुंबई युनिव्हर्सिटीच्या ट्रान्स्क्रिप्टसाठी कलिन्याच्या फेऱ्या आधीच उरकून घ्या, शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. अपोस्टील (कागद खरे असल्याचा परराष्ट्र खात्याचा शिक्का) मात्र कोणी मागितलं तरच करा, उगाच खर्च.

बीकेसीच्या अमेरिकन वकिलातीत व्हिसाच्या इंटरव्ह्यूला जाताना सेविस फीची, म्हणजे अमेरिकी सरकारच्या नोंदणी फीची, पावती घ्या (जे-१ ची २२० डॉलर), आणि प्लॅनमध्ये काय लिहिलंय ते स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. मोबाईल आणि मोठी बॅग आत नेता येत नाही, सोबत कोणीतरी न्या किंवा घरीच ठेवून जा.