उतरत नाही ती डोकेदुखी : मेंदूच्या क्षयरोगात या चुका टाळा

सोलापुरात उन्हाळ्याचा पारा चाळिशीपलीकडे गेला, की कोणाचेही डोके दुखो, 'ऊन लागले' किंवा 'पित्त खवळले' एवढ्यावर घर समाधान मानते. पुष्कळदा ते खरेही असते. मात्र उन्हाची किंवा पित्ताची डोकेदुखी विश्रांतीने, फार तर एखाद्या उलटीनंतर, बहुधा उतरते. जी उतरत नाही, बारीक ताप घेऊन येते, भूक मारते आणि पाच-सहा दिवस उलटले तरी वाढतच राहते, तिला पित्ताची गोळी देत राहणे ही पहिली चूक आहे. क्षयरोगाचे जंतू मेंदूवरील आवरणापर्यंत पोहोचले की आजार असाच, दबक्या पावलांनी, दोन-तीन आठवड्यांत वाढतो.

दुसरी चूक मान ताठ होण्याची वाट पाहण्याची. मान आखडणे हे मेंदूज्वराचे ठळक लक्षण खरे, पण या प्रकारात ते उशिरा येते. त्याआधी माणूस बदलतो : यंत्रमागावर वर्षानुवर्षे टॉवेलांची मोजदाद न चुकलेला कामगार हिशेब विसरू लागतो, शांत स्वभावाची बाई विड्या वळताना विनाकारण चिडते, कोणी दिवसभर नुसते झोपून राहते. घरचे लोक याला ताण म्हणतात किंवा बाहेरची बाधा समजून अंगारा लावतात. एकाची दोन माणसे दिसणे, झटका येणे, तोंड वाकडे होणे यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

याच टप्प्यावर टायफॉइडसाठी केली जाणारी रक्ताची विडाल चाचणी 'पॉझिटिव्ह' येते आणि टायफॉइडचे उपचार सुरू होतात. ही चाचणी आपल्याकडे टायफॉइड नसतानाही अनेकदा तशी येते. त्यात लेव्होफ्लॉक्सासिनसारखे औषध दिले गेले, तर ते क्षयाच्या जंतूंवरही काहीसे काम करत असल्याने रुग्णाला चार दिवस बरे वाटते, आणि खरे निदान आणखी मागे पडते.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज पाठीतल्या पाण्याविषयी, म्हणजे मेंदू व मज्जारज्जूभोवतीचे पाणी तपासणीसाठी सुईने काढण्याविषयी आहे. 'पाठीत सुई घातली की कंबर कायमची अधू होते' या भीतीने नातेवाईक संमती नाकारतात. वास्तविक मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली ही सुई घातली जाते. नंतर काही दिवस डोके किंवा कंबर दुखू शकते, एवढेच. रुग्ण गुंगीत असेल किंवा एक बाजू लुळी पडली असेल, तर आधी स्कॅन करून मेंदूवरील दाब पाहतात. पाणीही पुरेसे, शक्यतो सहा मिलिलिटर किंवा अधिक, पाठवावे लागते, कारण त्यात जंतू फारच थोडे असतात. म्हणूनच सीबीनॅट (क्षयाच्या जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) किंवा तत्सम चाचणी 'निगेटिव्ह' आली, एवढ्यावरून हा आजार नाही असे ठरत नाही. छातीचा एक्स-रे स्वच्छ असणे आणि थुंकीत जंतू न सापडणे यांनीही तो नाकारता येत नाही. पाण्यात लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी व प्रथिने वाढलेली आणि साखर घटलेली असेल, तर डॉक्टर जंतूंच्या अहवालाची वाट न पाहता औषधे सुरू करतात, आणि ते योग्यच असते. मधुमेह्यांच्या बाबतीत एक बारकावा हमखास निसटतो : पाण्यातील साखर ६० दिसली की ती ठीक वाटते, पण त्याच वेळी रक्तातील साखर २४० असेल, तर ती निम्म्याहूनही पुष्कळ कमी ठरते. दोन्ही नमुने एकाच वेळी घ्यावेत.

उपचार सुरू झाल्यावरच्या चुका घरातल्या असतात. शेजाऱ्याचा फुप्फुसाचा क्षय सहा महिन्यांत बरा झाला, म्हणून येथेही सहा महिन्यांनी गोळ्या थांबवल्या जातात. मेंदूच्या क्षयरोगाला साधारणतः ९ ते १२ महिने लागतात. रिफॅम्पिसिन या क्षयावरील औषधामुळे लघवी नारिंगी होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र डोळे पिवळे झाले, उलट्या लागल्या, तर यकृताची तपासणी त्वरित हवी. सूज कमी करण्यासाठी क्षयाच्या औषधांसोबत दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडविषयी तर अकारण धसका आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, व्हिएतनाममधील ५४५ रुग्णांच्या अभ्यासात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलेल्या गटात नऊ महिन्यांतील मृत्यूंचे प्रमाण ४१.३ टक्क्यांऐवजी ३१.८ टक्के राहिले. एचआयव्ही असलेल्यांत असा फायदा स्पष्ट दिसलेला नाही, म्हणून एचआयव्हीची चाचणी आधीच करून घ्यावी. स्टेरॉइड मनाने बंद करू नये. त्याचा डोस काही आठवड्यांत पायरीपायरीने उतरवायचा असतो, आणि तोवर मधुमेह्याची साखर वरचेवर पाहावी लागते.

औषधे नियमित चालू असतानाही कधी डोकेदुखी पुन्हा उसळते. 'औषध लागू पडत नाही' म्हणून डॉक्टर बदलण्याआधी पुन्हा स्कॅन करावा. शरीराची प्रतिकारशक्ती मेलेल्या जंतूंवरही तुटून पडते, त्यामुळे असे होऊ शकते. कधी मेंदूत पाणी साचलेले असते आणि ते पोटाकडे वळवणारी नळी बसवावी लागते. रक्तातील सोडियम घटल्यानेही गुंगी येते, आणि ते साध्या रक्ततपासणीत कळते.

रुग्णाचे ताट-वाटी वेगळी काढण्याचे मात्र कारण नाही : फुप्फुसात क्षय नसेल, तर मेंदूचा क्षय एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. खासगी डॉक्टरांकडे उपचार चालू असले, तरी सरकारच्या निक्षय या क्षयरुग्ण-नोंदणी प्रणालीत नोंद झाली आहे ना, हे विचारून घ्यावे. पोषणासाठी मिळणारी रक्कम, जी नोव्हेंबर २०२४ पासून महिना १००० रुपये झाली आहे, त्या नोंदीवरच बँक खात्यात जमा होते.