आधी हाताने एक उदाहरण सोडवा, मग एआयकडे कोड मागा

शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील फाउंड्र्यांसाठी, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यांसाठी, मी छोटी सॉफ्टवेअर तयार करतो. हीटची (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूची) नोंद, पाळीनुसार रिजेक्शनचा अहवाल, डिस्पॅचचा हिशेब, अशी ही कामे असतात. आता त्यातला बराचसा कोड मी एआय सहायकाकडून लिहून घेतो, आणि कोल्हापुरात एकट्याने किंवा दोघातिघांच्या गटाने अशी कामे घेणाऱ्या प्रोग्रामरांनी हे साधन जरूर वापरावे, असे माझे मत आहे. मात्र कोड झटपट मिळाला म्हणजे काम झटपट झाले, असे होत नाही. मेटर या संशोधन संस्थेने २०२५ मध्ये सोळा अनुभवी ओपन सोर्स प्रोग्रामरांना त्यांच्याच ओळखीच्या कोडवर काम करायला लावले, तेव्हा एआय वापरताना त्यांना सरासरी १९ टक्के जास्त वेळ लागला. आणि तरीही आपला सुमारे २० टक्के वेळ वाचला, असे त्यांना काम संपल्यावर वाटत होते. माझ्या कामात हा वेळ जातो तो अर्धवट सांगितलेले काम पुन्हा पुन्हा दुरुस्त करून घेण्यात. म्हणून खरी बचत प्रश्न विचारण्याआधीच करावी लागते.

सहायक उघडण्यापूर्वी काम चार-पाच पूर्ण वाक्यांत लिहून काढावे. ते मराठीत लिहिले तरी चालते. किंबहुना सुपरवायझरने ज्या भाषेत नियम सांगितला, त्याच भाषेत तो उतरवला तर बारकावे सुटत नाहीत. फाइलमध्ये कोणते रकाने आहेत, वजन किलोत आहे की टनात, रिकाम्या रकान्याचा अर्थ शून्य की नोंद राहिली, हे त्यात यावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे कोणीच बोलून दाखवत नाही, ते यावे. रात्री अकराला सुरू होणाऱ्या तिसऱ्या पाळीत पहाटे दोनला ओतलेली हीट कॅलेंडरप्रमाणे दुसऱ्या दिवसाची असते, पण वहीत ती आदल्या दिवसाखाली जाते. माझ्या एका ग्राहकाची साप्ताहिक सुट्टी सोमवारी असते. मी ते सांगितले नव्हते, तेव्हा सहायकाने रविवार धरला आणि रोजच्या सरासरी उत्पादनाचा आकडा चुकला.

यानंतरची पायरी मी कधीही गाळत नाही: खऱ्या नोंदीसारखे एक उदाहरण घेऊन त्याचे उत्तर कागदावर, हाताने काढावे. ही सवय मला एका चुकीने लावली. ग्रे आयर्नच्या (ओतीव लोखंडाच्या एका प्रकाराच्या) हीटसाठी स्पेक्ट्रोच्या, म्हणजे धातूतील घटकांचे प्रमाण मोजणाऱ्या यंत्राच्या, रीडिंगवरून कार्बन इक्विव्हॅलंट (कार्बनसह इतर घटकांचा परिणाम एकाच आकड्यात सांगणारे माप) काढणारे फंक्शन मला हवे होते, आणि मी तेवढेच एका ओळीत मागितले. कोड नीटनेटका आला, चालला, आणि त्याने ३.५१ हे उत्तर दिले. रीडिंगमध्ये कार्बन ३.४०, सिलिकॉन २.१०, मँगनीज ०.६६ आणि फॉस्फरस ०.०६ टक्के होते. भट्टीवरच्या मिस्त्रींनी आकडा पाहताक्षणी मान हलवली. ओतीव लोखंडासाठी कार्बनमध्ये सिलिकॉन व फॉस्फरसच्या बेरजेचा तिसरा हिस्सा मिळवतात, म्हणजे ३.४० अधिक ०.७२, उत्तर ४.१२. सहायकाने पोलादाच्या वेल्डिंगसाठी वापरतात ते सूत्र घेतले होते, ज्यात मँगनीजला सहाने भागतात आणि सिलिकॉन येतच नाही. दोन्ही सूत्रांचे नाव एकच आहे, आणि कोणते हवे हे मी सांगितलेच नव्हते. ते फंक्शन तसेच राहिले असते, तर पडद्यावर कार्बन कमी दिसला असता आणि चांगल्या धातूत आणखी कार्बन टाकला गेला असता. ४.३ च्या आसपासची युटेक्टिकची (ज्या प्रमाणाला धातू सर्वांत कमी तापमानाला वितळतो त्याची) मर्यादा ओलांडली की ग्रॅफाइट जाड होऊन कास्टिंगची ताकद घटते, हे इथल्या कोणत्याही फाउंड्रीवाल्याला सांगावे लागत नाही.

आता मी सूत्र, रीडिंग आणि ४.१२ हे उत्तर प्रश्नातच देतो, आणि त्यावरून पायटेस्टची (पायथॉन कोड तपासण्याच्या साधनाची) चाचणी आधी लिहून घेतो. एक खबरदारी मात्र घ्यावी. अपेक्षित उत्तर सहायकाला काढू देऊ नये, कारण तो ज्या चुकीच्या सूत्राने कोड लिहील, त्याच सूत्राने चाचणीतला आकडाही काढील, आणि चाचणी सुखरूप उत्तीर्ण होईल.

काम लहान तुकड्यांत मागावे: आधी फाइल वाचणे, मग पाळी ठरवणे, मग अहवाल. प्रत्येक तुकड्यानंतर गिटमध्ये, म्हणजे कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात, कमिट करावे (ती आवृत्ती नोंदवावी) आणि पुढच्या वेळी कोणत्या ओळी बदलल्या ते डिफमध्ये, म्हणजे दोन आवृत्त्यांतील फरकाच्या यादीत, वाचावे. न मागता दुसऱ्या फाइलला हात लागला असेल तर तो बदल तिथेच मागे घ्यावा. एरर आल्यास संपूर्ण संदेश आणि ती घडवणारी एकच नोंद द्यावी. "चालत नाही" एवढे सांगून काही साधत नाही. दोन प्रयत्नांत दुरुस्ती झाली नाही, तर मी तो संवाद सोडून नव्याने सुरू करतो, कारण लांबलेल्या संवादातील फसलेले प्रयत्न पुढच्या उत्तरांतही डोकावत राहतात.

सहायकाने सुचवलेली लायब्ररी (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडचे पॅकेज) इन्स्टॉल करण्यापूर्वी तिचे पान स्वतः उघडून पाहावे. अस्तित्वात नसलेली नावे तो आत्मविश्वासाने सांगतो, आणि अशाच नावांखाली घातक पॅकेजे चढवून ठेवणारे लोक आहेत. तारखाही तपासाव्यात. तक्त्यांतील माहिती हाताळणाऱ्या पांडास या पायथॉन लायब्ररीला दिवस आधी येतो असे स्पष्ट सांगितले नाही, तर ०३/०४/२०२५ ही तारीख ती ४ मार्च अशी वाचते. आपल्या वहीत ती ३ एप्रिल असते.

ग्राहकाचे ड्रॉइंग, धातूच्या मिश्रणाचे प्रमाण, दर, डेटाबेसचा पासवर्ड, यातले काहीही संवादात चिकटवू नये. फाउंड्रीची सगळी कमाई त्या प्रमाणांवर उभी असते आणि ती आपल्याकडे विश्वासाने दिलेली असतात. रकाने तेच ठेवून आकडे बदललेल्या दहा ओळींची नमुना फाइल मी प्रत्येक कामाच्या सुरुवातीला तयार करतो, आणि सहायकाला तीच दाखवतो. आपण दिलेला मजकूर प्रशिक्षणासाठी वापरला जातो का, हेही सेटिंगमध्ये पाहून घ्यावे.

पाळीचा नियम, सुट्टीचा वार, सूत्र आणि हाताने सोडवलेली उदाहरणे मी प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच एका साध्या फाइलमध्ये ठेवतो आणि प्रत्येक नव्या संवादात ती आधी देतो. प्रत्येक नियमापुढे तो कोणी सांगितला आणि कोणत्या तारखेला, हेही लिहितो. ग्रेड बदलली किंवा नवा सुपरवायझर आला की आधी ती फाइल त्यांच्यासमोर वाचून दाखवतो, आणि मगच कोड उघडतो.