ढोलीतलं सातेरी मोहोळ पेटीत कसं भरावं

आधी माशी ओळखा. उंच फांदीला किंवा पाण्याच्या टाकीखाली उघड्यावर एकच मोठं पोळं लोंबत असेल तर ती आग्या. ती पेटीत राहत नाही, तिच्या वाटेला जाऊ नका. झुडपात छोटं पोळं लावणारी फुलोरीही पेटीत नांदत नाही. आपल्याला हवी सातेरी. कडुलिंबाची ढोली, विहिरीची कपार, जुन्या गढीची भिंत अशा अंधाऱ्या जागी ती शेजारीशेजारी बरीच पोळी बांधते.

मराठवाड्यात हे काम पाऊस उघडल्यावर, तूर फुलावर येताना करावं. पुढे करडई असतेच. ऐन उन्हाळ्यात भरलेलं मोहोळ बहुधा उडून जातं. मात्र तुरीवर फवारणीही याच दिवसांत होते, म्हणून पेटी ठेवण्याआधी शेजारच्या बांधावर विचारून घ्या.

दिवस मावळायच्या तासभर आधी सुरुवात करा. तोंडावर जाळी हवीच. डंखाने अंगावर गांधी उठून दम लागत असेल त्याने हे काम करू नये. गोवरीचा धूर थोडाच द्या, फार दिला तर माशा पोळी सोडून आत दडतात. मग कडेचं पोळं सुरीने कापा. मधाची पोळी डब्यात टाका. लोकांचं लक्ष मधावर असतं, पण माशा पेटीत टिकतात त्या पिल्लांपायी. पिल्लांचं पोळं तळहातावर अलगद घ्या, वरची कड वरच ठेवून चौकटीत बसवा आणि केळीच्या सोपटाने बांधा. उलटं बांधू नका. माशा दोनचार दिवसांत ते मेणाने चिकटवतात आणि सोपट कुरतडून टाकतात.

आता राणी. लांब पोटाची, काळपट, घाईने अंधाराकडे पळणारी. ती सापडली की पेटीत सोडून दाराला राणीफाटक लावा, म्हणजे बाकीच्या माशा ये-जा करतील पण राणी अडेल अशी बारीक फटींची जाळी. बाकीच्या माशा तिच्यामागे आपोआप येतात. अंधार पडेपर्यंत पेटी ढोलीच्या तोंडाशीच राहू द्या, मग ढोली चिखलाने लिंपा. पेटी दूर न्यायची तर रात्री, आणि तीनेक किलोमीटरपलीकडे. जवळ ठेवली तर माशा जुन्या जागी परततात. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, नाहीतर मुंग्या लागतात. साखर-पाणी समान घेऊन पाक द्या.

पाचव्या दिवशी उघडा. घरांच्या तळाशी उभी अंडी दिसली तर राणी आहे, कारण अंडं तीनच दिवस अंडं राहतं. अंडी नाहीत, पण पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगेसारखी लोंबती घरं दिसली तर माशा नवी राणी घडवताहेत. ती मोडू नका आणि राणीफाटक काढा, कारण तिला मिलनासाठी बाहेर उडावंच लागतं.