काचमणी घातलेल्या इपॉक्सीचं मॉडेल: या चुका टाळा

मॉडेल म्हणतं ताठरता 30 गिगापास्कल, नमुना ओढून पाहिला तर जेमतेम 5. मग मशीनच्या कॅलिब्रेशनवर खापर फुटतं. त्याआधी सूत्रात घातलेली टक्केवारी कसली आहे ते बघा.

काचमणी 40 टक्के घातले ते वजनाने. सूत्रांना हवी घनफळाची टक्केवारी. काचेची घनता 2.5 ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर, इपॉक्सी रेझिनची साधारण 1.2. म्हणजे 100 ग्रॅम मिश्रणात काच 16 घनसेंटीमीटर, रेझिन 50. घनफळाने काच फक्त 24 टक्के!

एवढं सुधारूनही उत्तर 19 येतं, कारण काचेचे 70 आणि इपॉक्सीचे 3 यांची सरळ सरासरी काढलेली असते. ती सलग तंतू ओढीच्या दिशेत असतील तिथे चालते. सुट्या गोल कणांपर्यंत भार रेझिनमधूनच पोचतो. मिश्र पदार्थांच्या ताठरतेसाठीच्या हाल्पिन-त्साई सूत्रात आकार-गुणक (कणांचा आकार सांगणारा आकडा) 2 धरा, 5.4 मिळतात. आइनस्टाइनचं 1 + 2.5 फाय (फाय म्हणजे कणांचा घनफळातला वाटा) वापरायचा मोह होतो, पण ते मुळात कण तरंगणाऱ्या द्रवाच्या व्हिस्कॉसिटीसाठी, म्हणजे वाहण्याला होणाऱ्या विरोधासाठी आहे. कण विरळ असतील तेवढंच खरं.

तरीही नमुन्याची ताठरता कमी आली तर त्याची घनता मोजा. हिशोबाने 1.515 हवी. 1.47 आली तर आत सुमारे 3 टक्के हवा आहे, आणि तुमच्या मॉडेलला तिचा पत्ताच नाही.

सगळ्यात महागात पडते ती पुढची समजूत: ताठरता जुळली, म्हणजे ताकदही जुळेल. लहान ताणाला कण रेझिनला नीट चिकटलेत की नाही, हे ताठरतेत फारसं उमटत नाही. ताकदीत मात्र तेच सगळं ठरवतं. चिकटणं शून्य धरलं तर ताकदीसाठीच्या निकोलाइस-नार्किस सूत्राप्रमाणे 24 टक्क्यांना रेझिनची निम्मीच ताकद उरते. म्हणून सिलेन (काच रेझिनला चिकटवणारं रसायन) लावलेले आणि न लावलेले मणी एकाच मॉडेलमध्ये कोंबू नका.

फायनाइट एलिमेंटमध्ये (वस्तूचे बारीक तुकडे पाडून संगणकावर हिशोब करण्याच्या पद्धतीत) वेळ वाचवायला द्विमितीय चौकोनात वर्तुळं काढली, तर ते गोळे नसून लांब दांडे होतात. आणि त्रिमितीत गोळे यादृच्छिक जागी एकेक टाकणारी स्क्रिप्ट 35 टक्क्यांच्या पुढे रात्रभर फिरत राहिली, तर कोडमध्ये बग शोधू नका. त्या पद्धतीत 38 टक्क्यांच्या आसपास जागाच संपते. आधी टाकलेले गोळे हलवणारी पद्धत घ्या.